कोलाडचा थांबा

१७ नोव्हेंबर, रविवार

गाडी आली. पांढरी घेतली, कारण अब्बा म्हणाले, कुवेतमध्ये सगळी उमर पांढरीच चालवली, आता या वयात रंग कशाला बदलू. शोरूमच्या माणसाने बटण दाबलं आणि सांगितलं, चालू झाली. अब्बा कान लावून उभे राहिले. मग म्हणाले, "झाली? कधी?"

विचुंब्याच्या आमच्या सोसायटीत सगळे खाली उतरून पाहायला आले. अम्मीने आयतुल कुर्सी पढून चारी बाजूंनी फुंकर मारली. सेक्रेटरी कृष्णकांतकाका मात्र दोन हात लांब उभे. म्हणाले, "अय्यूबभाई, ही फुटत तर नाही ना? नाही म्हणजे, वरच माझी बाल्कनी आहे."

"कृष्णकांतभाऊ, पाठीवर पेट्रोलचा टँकर घेऊन तिकडच्या उन्हात फिरलो. तवा नाय फुटलो, आता कशाला फुटू?"

काका हसले, पण जागचे हलले नाहीत.

ही गाडी माझ्या सांगण्यावरून आली, हे आज लिहून ठेवते. अब्बा चौथीपर्यंत शिकले. अम्मीने कुराण पढलं, शाळा पाहिली नाही. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे घरात माझा शब्द छापील असल्यासारखा चालतो. फ्रीज कुठला घ्यायचा, डॉक्टर कुठला, पॉलिसी घ्यायची की नाही. "यूम्ना शिकलीय, ती सांगते ते बरोबरच." मला या वाक्याची भीती वाटते. जुनी पेट्रोलची गाडी न्यायला माणूस आला तेव्हा अब्बांनी तिच्या टपावर हात ठेवला आणि लगेच काढला. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

२१ नोव्हेंबर

पार्किंगमध्ये चार्जिंगचा सॉकेट एकच आहे. आमच्या नावाचा वेगळा मीटर मिळायला वेळ लागणार, तोवर हाच. परेशभाई तिसऱ्या मजल्यावरचे, त्यांची स्कूटर संध्याकाळपासून तिथे लागलेली असते. स्कूटर काढा असं सांगायला मला जमत नाही. ते सोसायटीत जुने, आम्ही नवे. शिवाय ते आधी आलेले असतात. मी वर येऊन खिडकीतून पाहत बसते. अम्मी म्हणते, "दूध उतू जायची वाट बघतेस का?"

२ डिसेंबर

आज ऑफिसात मितेशने विचारलं, "खरं सांग, रोजच्या माणसाला ही गाडी चालते का? माझे भाऊजी घ्यायचं म्हणतायत."

मी प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न केला. विचुंबे ते उरण बंदर, आमचं क्लिअरिंगचं ऑफिस, आणि परत. एवढ्याला ही गाडी उत्तम. कंटेनरच्या ट्रेलरांमध्ये तासभर अडकलं तरी पेट्रोल जळतंय ही टोचणी नाही. क्लच नाही, त्यामुळे डावा पाय दुखत नाही. गाडी इतकी गप्प असते की मला माझ्याच मनातलं ऐकू येतं, हा तोटा समजावा की फायदा, माहीत नाही. पण घरी चार्जिंगची हक्काची जागा नसेल तर रोज दुसऱ्याच्या मेहरबानीवर जगावं लागतं. आणि लांब जायचं तर आधी विचार करावा लागतो. पेट्रोलच्या गाडीला विचार लागत नाही, किल्ली लागते.

मितेश म्हणाला, "तू गाडीबद्दल बोलतेस की लग्नाबद्दल?"

वर "प्रामाणिकपणे" लिहिलं आहे, ते पूर्ण खरं नाही. अब्बांना गाडी घ्यायला लावताना मी त्यांना एका चार्जवर किती जाते याचा कंपनीचाच आकडा सांगितला होता, तीनशेच्या वरचा. प्रत्यक्षात ती पूर्ण चार्जवर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. ते मी घरी अजून सांगितलेलं नाही. उद्या सांगते.

३ डिसेंबर

सांगितलं. अब्बा म्हणाले, "मला ठाऊक हाय. दुसऱ्याच दिवशी कळलं."

१५ डिसेंबर, रविवार

अब्बा सकाळीच एकटे गाडी घेऊन गेले ते जेवणाच्या वेळेला आले. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, "पालीपर्यंत. ओळख करून घ्यायला." त्यांनी चढ, उतार, एसी लावून, एसी बंद करून, सगळं पाहिलं होतं. जेवताना खुश होते. "अम्मीला सांग, ही खोटं नाय बोलत. स्क्रीनवर जेवढे दाखवते त्याच्यापेक्षा पाच-दहा जास्तीच देते. टँकरचा काटा खोटारडा होता. ही सच्ची हाय."

अम्मी म्हणाली, "मला काय सांगायचंय? मी तुमच्या मागे बसते, काट्याच्या मागे नाही."

मग तिने गावाचा विषय काढला. बडे अब्बांना, म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावाला, आता ऑक्सिजनचं मशीन लावलं आहे. अझहरभाईंचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला होता. अम्मी म्हणाली, "नवी गाडी आहे, एकदा जाऊन या." अब्बांनी भात कालवला. म्हणाले, "बघू."

आमचं गाव म्हसळ्याच्या बाजूला, इथून सव्वाशे किलोमीटर. अब्बा तिथे गेले नाहीत त्याला बरीच वर्षं झाली. दादी वारली तेव्हा अब्बा कुवेतहून मिळेल त्या विमानाने निघाले होते. मुंबईला उतरून फोन केला तर बडे अब्बांनी सांगितलं, दफन झालं. मय्यत ताटकळत ठेवू नये असा रिवाज आहे आणि तो बरोबरच आहे. पण अब्बा मुंबईत उतरले होते. आणखी चार तासांचा प्रश्न होता. त्यांना आईचं तोंड बघायला मिळालं नाही. ते कधी यावर बोलत नाहीत. मी हे अम्मीकडून ऐकलं आहे.

२८ डिसेंबर

अझहरभाईंनी आज मला फोन केला. म्हणाले, बडे अब्बा विचारतात, अय्यूबने कसली गाडी घेतलीय म्हणे, आवाजच करत नाय? "त्याला म्हणावं, दाखवायला आण. मी दारातूनच बघीन."

मी जसंच्या तसं अब्बांना सांगितलं. ते हसले. मग हसू गेलं. म्हणाले, "थंडी जरा कमी होऊ दे."

मला वाटलं, लांबच्या रस्त्याची धास्ती असेल, माझ्यासमोर दाखवत नसतील. म्हणून मी फोनवर त्यांना वाटेतली चार्जिंगची ठिकाणं दाखवली. वडखळला एक आहे, कोलाडला एका हॉटेलच्या आवारात आहे, तिथे दोन गाड्या लागतात. "म्हणजे अडकायची भीती नाही," मी म्हटलं.

"कोलाडला?" अब्बांनी विचारलं. "बरं."

८ जानेवारी

सॉकेटला परेशभाईंची स्कूटर. खाली दोनदा जाऊन आले. त्यांची बेल वाजवायला जिना चढले आणि दारातून टीव्हीचा आवाज आला, सगळे जेवत असावेत, म्हणून परत फिरले. ऑफिसला जाऊन येऊनही उरेल एवढं चार्जिंग आहे. उद्या लावते.

१० जानेवारी

काल बडे अब्बा गेले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

सगळं क्रमाने लिहायचं ठरवलं आहे, स्वतःला सूट न देता.

मी ऑफिसला निघाले होते, विचुंब्यातून बाहेर पडतेय तोच अम्मीचा फोन आला. तशीच मागे फिरले. घरी आले तेव्हा अब्बा कपडे करून खाली उभे होते, अम्मी पिशवी घेऊन. स्क्रीनवर एकशे साठ किलोमीटर दाखवत होतं. गाव सव्वाशेवर. परवा मी एक बेल वाजवली असती तर सव्वादोनशे दाखवलं असतं. अब्बांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी चालवतो."

पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याला लागलो. अझहरभाईंचा फोन आला, तो गाडीच्या स्पीकरवर लागला, म्हणून सगळ्यांनी ऐकला. "चाचा, दुपारी जुहरच्या नमाजनंतर जनाजा ठेवणार होतो. पण बाबांनी सांगून ठेवलंय, अय्यूब येईपर्यंत थांबा. तुम्ही निवांत या. आम्ही थांबतो."

पेण आलं, गेलं. वडखळ गेलं. मी आकड्याकडे बघत होते. इतकी टक लावून की अम्मी मागून म्हणाली, "यूम्ना, बाहेर बघ जरा."

कोलाडला स्क्रीनवर अजून ऐंशीच्या आसपास शिल्लक होते आणि पुढे पंचेचाळीस जायचं होतं. अब्बांनी गाडी हॉटेलच्या आवारात घेतली.

"पुरेल ना?" मी विचारलं. खरं तर मला हायसं वाटलं होतं. माझ्या चेहऱ्यावर भीती दिसत असणार, म्हणूनच त्यांनी थांबवली.

"पुढं घाट हाय," ते म्हणाले. "मध्येच बंद पडली म्हंजे?"

चार्जिंगचं एक यंत्र बंद होतं. दुसऱ्यापाशी आम्ही आणि पुण्याचं एक कुटुंब एकाच वेळी पोहोचलो. त्यांच्याबरोबर लहान मुलं होती, दिवेआगरला चालले होते. त्या गृहस्थांनी अब्बांची टोपी, अम्मीचा चेहरा पाहून विचारलं, "काका, तुम्हाला घाई आहे का? तुम्ही लावा आधी." आणि अब्बा म्हणाले, "नाय नाय. पोरं हायत तुमच्याबरोबर. तुम्ही लावा."

अम्मी म्हणाली, "अहो..." आणि थांबली.

अशा वेळीही दुसऱ्याच्या मुलांचा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि अशा माणसावर ही वेळ मी आणली.

त्यांचं झाल्यावर आमची लागली. मी थोड्या वेळाने म्हटलं, एवढी पुष्कळ झाली, शेवटचा भाग फार हळू भरतो. अब्बा म्हणाले, "पुरी भरू दे." त्यांनी चहा मागवला होता, त्यावर साय आली, ती तशीच राहिली. ते खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून गाडीकडे बघत बसले होते, जसं दवाखान्यात बाहेर बसतात. अम्मी एकदा त्यांच्यापाशी गेली. हळू म्हणाली, "उठा आता." ते उठले नाहीत.

अझहरभाईंचा पुन्हा फोन. या वेळी फोन अब्बांच्या हातात होता, पण मला अझहरभाईंचा आवाज ऐकू येत होता. असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजची वेळ होत आली, कुठवर आलात? अब्बा म्हणाले, "अझहर, गाडी चार्जिंगला लागलीय. तुम्ही करून घ्या. मय्यत ताटकळत ठेवू नये."

मग त्यांनी हॉटेलच्या मागे नळावर हातपाय धुऊन वजू केला आणि तिथेच असर पढली. मी गाडीजवळ उभी होते. मला त्या यंत्राला लाथ मारावीशी वाटली. यंत्राचा काय दोष? बेल मी वाजवली नव्हती.

गावात पोहोचलो तेव्हा माणसं कबरस्तानातून परत येत होती. पायांना ओली माती. अब्बा उतरून त्यांच्या उलट दिशेने एकटे चालत गेले. बायका घरात होत्या. दिलशादफुफी, अब्बांची बहीण, मला बघून रडायची थांबली.

"आवाज नाय करत म्हणं गाडी," ती म्हणाली. "येतानाही आवाज नाय, वेळेवरही येत नाय. पेट्रोलवर आयुष्य काढलं या माणसानं, आणि भावाला मिट्टी द्यायला बॅटरी पुरली नाय?"

कुणीतरी म्हटलं, "शिकलेल्या पोरीचं ऐकलं त्यानं."

तेवढ्यात अब्बा दारात आले. त्यांच्या हाताला माती होती. अझहरभाई त्यांच्या मागे. म्हणाले, "चाचा, बाबांचं तोंड असरपर्यंत उघडं ठेवलं होतं." एवढंच. रागाने नाही. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "फुफी, चूक माझी आहे. मी गाडी चार्ज करून ठेवली नव्हती. अब्बांना बोलू नका."

अब्बांनी खाली पाहिलं. मला वाटलं, बरं झालं, माझी बाजू घ्यायला गेले असते तर त्यांनाच चार शब्द ऐकावे लागले असते. पण ते इतका वेळ खाली बघत राहिले, की मलाच लाज वाटली, मी हे सगळ्यांसमोर का बोलले म्हणून. घरातल्या घरात सांगता आलं असतं.

अझहरभाईंनी राहायचा आग्रह केला. अब्बा म्हणाले, "गाडी भरलेली हाय. निघतो." त्या थांब्याचा तेवढा एकच उपयोग झाला, की संध्याकाळीच परत निघता आलं.

१२ जानेवारी

जियारतला, कबरीवर दुवा मागायला, गेलो नाही. अब्बांना ताप आहे. मी अझहरभाईंना फोन करून पुन्हा माफी मागितली. ते म्हणाले, "तू कशाला माफी मागतेस, बच्चा?" त्यांच्या या मोठेपणाने आणखीच मेल्यासारखं झालं.

१८ जानेवारी

गाडी विकायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. मितेशच्या भाऊजींना बोलावलं. माणूस चांगला, गाडीभोवती फिरला, आत बसला, म्हणाला, "चकाचक ठेवलीय हो." अब्बा वरून खाली आले, पायात चप्पल नव्हती.

"कोण हाय हा?"

मी सांगितलं. पेट्रोलचीच घेऊ परत, पूर्वीसारखी, कधीही निघता येईल अशी.

अब्बा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. आज ओरडले. "गाडी विकायची नाय! गाडीनं काय गुन्हा केला? तिनं काय केलं, सांग ना. काय केलं तिनं?" मग त्या माणसाला म्हणाले, "माफ करा भाऊ, पोरगी जरा घाबरट हाय. वर या, चहा घ्या."

कृष्णकांतकाका बाल्कनीतून बघत होते. म्हणाले, "अय्यूबभाई, सवय झाली वाटतं बिनआवाजाची!"

मला कळतं, माझं मन मोडू नये म्हणून अब्बा असं करतात. मी निवडलेली गाडी विकली तर मी चुकले असं होईल. म्हणून ते ती रोज स्वतः पुसतात. पुसताना तिच्याशी बोलतातही बहुतेक, ओठ हलतात. मी खिडकीतून पाहते आणि मला जेवण जात नाही.

२६ जानेवारी

अम्मीने आज मला स्वयंपाकघरात बसवलं. म्हणाली, "तू अब्बांची माफी मागायचं बंद कर."

"मग काय करू?"

"काही करू नको. तू माफी मागितलीस की त्या दिवशी ते जेवत नाहीत. पाहिलं नाहीस का?"

मी पाहिलं नव्हतं. म्हणजे जेवत नाहीत हे पाहिलं होतं, पण ते दुःखाने, असं वाटलं होतं. आता कळलं की मी विषय काढून त्यांचं दुःख ताजं करते. किती स्वार्थी आहे मी. माफी मागून मला हलकं वाटतं, आणि भार त्यांच्यावर जातो.

कधी कधी मनात हिशेब येतो. कोलाडला ऐंशी शिल्लक होते, पंचेचाळीस जायचं होतं. न थांबता गेलो असतो तर असरच्या आधी पोहोचलो असतो. बडे अब्बांचं तोंड दिसलं असतं. मग आठवतं, माझा चेहरा कसा झाला होता ते. ज्या माणसाने वाळवंटात टँकर चालवला त्याला घाट कसला आडवा येतो? ते माझ्यासाठी थांबले. माझ्या भीतीला त्यांनी मान दिला, आणि माझ्या भीतीने त्यांच्याकडून हे घेतलं.

मितेशला मी सांगून टाकलं, भाऊजींना म्हणावं, घेऊ नका. रोजच्या जाण्यायेण्याला ठीक, पण आयुष्यात एखादा दिवस असा येतो की तेव्हा विचार करायला वेळ नसतो. तो म्हणाला, "त्या दिवसासाठी उरलेले सगळे दिवस पेट्रोल जाळायचं का?"

५ फेब्रुवारी

परेशभाई जिन्यात भेटले. म्हणाले, "गाडी लावायची असेल तर बिनधास्त बेल मार गं. स्कूटरला काय, सकाळीपण चालतं." हे वाक्य महिन्याभरापूर्वी ऐकायला मला फक्त एक जिना चढायचा होता. चढलेही होते.

१६ फेब्रुवारी, रविवार. गावात, बडे अब्बांच्या घरी

वही आणली नाही, कारण मुक्कामाचं ठरलं नव्हतं. अझहरभाईंच्या मुलीकडून कागद मागून घेतला आहे.

आज चाळीसावा. मी शुक्रवारीच गाडी भरून ठेवली होती. पण शनिवारी कृष्णकांतकाका धावत आले, काकूंना दम लागला होता, रिक्षा मिळेना. अब्बांनी त्यांना गाडीत घालून आधी पनवेलला आणि तिथून वाशीच्या हॉस्पिटलात नेलं, तपासण्या होईपर्यंत थांबून परत आणलं. काकू बऱ्या आहेत. काका उतरताना म्हणाले, "अय्यूबभाई, किल्ली फिरवायलाही थांबावं लागलं नाही हो!" आणि गाडीच्या बॉनेटला नमस्कार केला.

त्यामुळे चार्ज पुष्कळ उतरला. मी सरळ परेशभाईंची बेल वाजवली, स्कूटर काढून घेतली. वायर लावायला खाली वाकले तर अब्बा मागे. "राहू दे. पुरेल."

"अब्बा, एकशे चाळीसच दाखवतेय. मागच्या वेळी एकशे साठ होते तरी..."

"पुरेल म्हणतो ना."

आज सकाळी निघालो. ते चालवत होते. पळस्पे, पेण, वडखळ. मी बाहेर बघायचं ठरवलं होतं, तरी नजर आकड्यावर जात होती. कोलाडला ते हॉटेल आलं. दोन्ही यंत्रं मोकळी होती. अगदी मोकळी. पुढे पंचेचाळीस आणि शिल्लक साठसुद्धा नाही.

"अब्बा, थांबूया ना? पाच मिनिटं."

त्यांनी त्या आवाराकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे अम्मीची तसबी थांबली. हॉटेल मागे गेल्यावर मणी पुन्हा सुरू झाले.

घाटात मी सीटबेल्ट धरून बसले. उताराला आकडा थोडा वाढला तेव्हा अब्बा म्हणाले, "बघ, परत देते." गावाच्या कमानीशी बारा किलोमीटर शिल्लक होते. एवढ्या कमी चार्जवर ही गाडी मी कधीच पाहिली नव्हती, स्क्रीन लाल झाली होती. आणि अब्बा शांत होते. जुहरला पुष्कळ वेळ होता. ते आधी कबरस्तानात गेले. आम्ही बाहेर भिंतीपाशी थांबलो. ते कबरीजवळ बसले ते अझहरभाई बोलावायला जाईपर्यंत.

जेवायला बसलो तेव्हा फुफी वाढत होती. अब्बांच्या ताटात भात घालताना म्हणाली, "आज पुरली वाटतं बॅटरी?"

अब्बांनी हात थांबवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या दिवशी पण पुरली असती, दिलशाद. आजच्यापेक्षा जास्ती होती. पोरीची काय बी चूक नव्हती. मीच थांबलो."

अझहरभाई पाण्याचा जग घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले. फुफीने ओढणी तोंडावर घेतली.

भर जमातीत, बडे अब्बांच्या चाळीसाव्याला, अन्नासमोर बसून, माझे अब्बा माझ्यासाठी खोटं बोलले. आणि ते खोटं आहे हे तिथल्या प्रत्येकाला कळलं असणार, म्हणूनच सगळे असे गप्प झाले. मी उठून खरं सांगणार होते. अम्मीने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. सोडलं नाही. मी बसून राहिले. माझी चूक मी महिनाभर माझ्याकडे तरी ठेवली होती, आज तीही अब्बांनी उचलून नेली आणि मी नेऊ दिली.

थोड्या वेळाने फुफी अब्बांच्या शेजारी येऊन बसली. त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे काढू लागली, लहान मुलाचे काढतात तसे.

एवढ्या चार्जवर परत कोलाडपर्यंतही जाता येणार नाही. इथल्या घरगुती सॉकेटवर गाडी भरायला सकाळ होईल. अझहरभाई म्हणाले, मोठा सॉकेट एकच आहे, बाबांच्या खोलीत, ऑक्सिजनच्या मशीनसाठी बसवून घेतला होता. त्यांनी खिडकीतून वायर बाहेर काढली आणि गाडीला लावली. गाडी दारासमोर उभी आहे. बडे अब्बांना खाटेवरून दिसली असती.

एक गोष्ट मात्र खरी, अब्बांचा या गाडीवर आज पूर्ण विश्वास बसला. तो जानेवारीत बसला असता तर.

मी मघाशी अम्मीचं सांगणं मोडलं आणि त्यांची पुन्हा माफी मागितली. म्हटलं, माझ्या गाडीमुळे तुम्हाला या घरात मुक्काम करावा लागतोय. ते "हं" म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि, वायर नीट बसलीय का ते बघतो, असं सांगून बडे अब्बांच्या खोलीत गेले.

अजून बाहेर आलेले नाहीत.